दोन स्थापनादिनांचे विद्यालय : डेक्कन कॉलेज आणि त्याचे माजी विद्यार्थी

शिक्षणसंस्थेच्या इतिहासात स्थापनेची तारीख साधारणपणे एकच असते आणि वर्धापनदिन, सुवर्णमहोत्सव, शताब्दी हे सारे सोहळे त्याच तारखेपासून मोजले जातात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजाच्या इतिहासात मात्र दोन तारखांना सारखेच मोल आहे. ६ ऑक्टोबर १८२१ रोजी ब्रिटिश सत्तेने पेशवाईतील दक्षिणेच्या द्रव्यातून पुण्यात जी पाठशाळा सुरू केली, ती या संस्थेचे मूळ होय; आणि सरकारने १९३४ मध्ये बंद केलेले हे विद्यालय १७ ऑगस्ट १९३९ रोजी पदव्युत्तर अध्ययन व संशोधन संस्था या नव्या रूपात पुन्हा उघडले, तो तिचा दुसरा जन्म होय. पहिली स्थापना सत्ताधाऱ्यांच्या निर्णयाने झाली. दुसरी मात्र या विद्यालयात शिकून बाहेर पडलेल्या, त्याच्याशी कायद्याचे किंवा वेतनाचे कोणतेही नाते न उरलेल्या माणसांच्या चिकाटीने झाली. माजी विद्यार्थ्यांचा समुदाय म्हणजे नेमके काय आणि त्याचा आपल्या विद्यालयावर हक्क तो कोणता, या प्रश्नाचे महाराष्ट्रातील सर्वांत ठोस उत्तर या दोन तारखांमधील शतकाहून अधिक काळाच्या इतिहासात सापडते.

या इतिहासाचा आरंभ दक्षिणेच्या प्रथेपासून करावा लागतो. विद्वान ब्राह्मणांची परीक्षा घेऊन त्यांना श्रावण महिन्यात द्रव्यदान करण्याची ही चाल सेनापती खंडेराव दाभाडे यांनी तळेगावास सुरू केली आणि दाभाड्यांचे सामर्थ्य ओसरल्यावर पेशव्यांनी ती पुण्यात आणून वाढवली. देशोदेशीचे शास्त्री-पंडित या काळात पुण्यात जमत आणि पर्वतीच्या पायथ्याजवळील रमण्यात दक्षिणा वाटली जाई. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर ही रक्कम एकदम बंद केली तर विद्वानांचा वर्ग दुखावेल आणि जशीच्या तशी चालू ठेवली तर तिजोरीवर भार पडेल, असा पेच नव्या राज्यकर्त्यांपुढे उभा राहिला. मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी त्यावर काढलेला मार्ग असा की दक्षिणेच्या द्रव्याचा काही भाग एका पाठशाळेकडे वळवावा, म्हणजे जुन्या विद्येचा मान राहील आणि पुढे नव्या विद्येलाही वाट मिळेल. त्यानुसार विश्रामबागवाड्यात ‘हिंदू कॉलेज’ या नावाने ही पाठशाळा सुरू झाली. न्याय, धर्मशास्त्र, व्याकरण, ज्योतिष, वैद्यक अशा शास्त्रांचे अध्यापन तेथे होई आणि विद्यार्थ्यांना निर्वाहासाठी वेतनही मिळे. परंतु तिचे दरवाजे आरंभी केवळ ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठीच उघडे होते, ही तिची मर्यादा तिच्या इतिहासात स्पष्ट नोंदवली पाहिजे.

दक्षिणेचे द्रव्य मूठभरांच्या पारंपरिक विद्येवर खर्च व्हावे काय, हा प्रश्न पुण्यातच लवकर उपस्थित झाला. मराठी ग्रंथनिर्मितीसाठी आणि लोकोपयोगी विद्येसाठी त्या निधीचा विनियोग व्हावा, अशी मागणी १८४९ च्या सुमारास सुधारणावादी तरुणांनी केली आणि तिच्यामागे लोकहितवादींसारखे विचारवंत उभे राहिले. १८५१ मध्ये विश्रामबागवाड्यातील ही संस्कृत पाठशाळा आणि सरकारी इंग्रजी शाळा यांचे एकत्रीकरण होऊन ‘पूना कॉलेज’ निर्माण झाले. शब्दकोशकार म्हणून मराठी वाचकांना परिचित असलेले मेजर टॉमस कँडी यांनी या संस्थेचे प्रमुखपद सांभाळले, तर पुढे काही काळ कवी एडविन आर्नल्ड तिचे प्राचार्य होते. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाल्यावर पूना कॉलेजात विद्यापीठीय पदव्यांचे शिक्षण सुरू झाले. दक्षिणा निधीचा धागा या नव्या व्यवस्थेतही तुटला नाही. त्यातून ‘दक्षिणा फेलो’ ही पदे निर्माण झाली. पदवी मिळवलेल्या हुशार विद्यार्थ्याने विद्यालयातच राहून पुढील अभ्यास करावा आणि त्याच वेळी खालच्या वर्गांना शिकवावे, अशी ही योजना होती. विद्यार्थी आणि अध्यापक यांच्यामधील ही पायरी महत्त्वाची ठरली, कारण शिक्षण संपले तरी विद्यालयाशी असलेले नाते संपत नाही, ही कल्पना तिच्यामुळे प्रथमच संस्थेच्या रचनेत उतरली.

विद्यालयाच्या जीवनातील पुढचे वळण वास्तूचे होते. जमशेटजी जीजीभाई घराण्याच्या मोठ्या देणगीमुळे येरवड्याच्या बाजूस, नदीपलीकडील मोकळ्या जागेत, नवी इमारत उभारण्याचे ठरले. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते १८६४ मध्ये तिची कोनशिला बसवली गेली, त्याच सुमारास संस्थेला ‘डेक्कन कॉलेज’ हे नाव मिळाले आणि १८६८ मध्ये विद्यालय नव्या जागेत गेले. कॅप्टन हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांनी आखलेली ही गॉथिक धर्तीची दगडी इमारत आजही उभी आहे. या देणगीचे महत्त्व त्या काळी वास्तूपुरते वाटले असले तरी पुढे सत्तर वर्षांनी तिला वेगळाच अर्थ प्राप्त व्हायचा होता. खासगी दात्याने विशिष्ट हेतूने दिलेले द्रव्य सरकारने स्वीकारले, म्हणजे त्या हेतूचे बंधनही स्वीकारले, हे तत्त्व या व्यवहारात गृहीत होते.

गावापासून दूर असल्यामुळे डेक्कन कॉलेज मुख्यतः निवासी राहिले आणि त्याच्या माजी विद्यार्थ्यांमधील जवळीक याच निवासात रुजली. कोकणातून, देशावरून, कर्नाटकातून आलेली मुले तीन-चार वर्षे एकाच आवारात राहत, एकाच खानावळीत जेवत, नदीत पोहत, नौका वल्हवत आणि रात्र-रात्र वाद घालत. केरूनाना छत्रे यांच्यासारखे गणिती, फ्रांझ कीलहॉर्न यांच्यासारखे व्याकरणपंडित, पुढे रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखे प्राच्यविद्यापंडित आणि सेल्बी व बेन यांच्यासारखे इंग्रज प्राचार्य यांच्या अध्यापनाचा ठसा पिढ्यांवर उमटला. बाळ गंगाधर टिळक येथे १८७० च्या दशकात शिकले आणि वसतिगृहातील त्यांची खोली स्मारक म्हणून जपली गेली आहे. अर्थात सर्वच माजी विद्यार्थ्यांनी विद्यालयाचे केवळ गुणगान केले असे नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी आपल्या शिक्षणाविषयी लिहिताना महाविद्यालयीन अध्यापनाची परखड चिकित्सा केली आणि त्यांचे ते लेखन आज त्या काळच्या उच्च शिक्षणाचे एक मोलाचे साधन मानले जाते. माजी विद्यार्थ्याची निष्ठा आणि त्याची टीका या परस्परविरोधी गोष्टी नाहीत, हे राजवाड्यांच्या उदाहरणावरून दिसते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या आपुलकीला एक ठरावीक रूप मिळाले, ते ‘सोशल गॅदरिंग’ या वार्षिक मेळाव्याचे. आज महाराष्ट्रातील शाळा-महाविद्यालयांत ‘स्नेहसंमेलन’ किंवा नुसते ‘गॅदरिंग’ म्हणून जो कार्यक्रम होतो, तो मुख्यतः विद्यमान विद्यार्थ्यांच्या करमणुकीचा असतो. मूळ मेळाव्यात मात्र आजी आणि माजी विद्यार्थी व अध्यापक एकत्र येणे हाच मुख्य हेतू असे. वकील, मुन्सफ, मामलेदार, शिक्षक, पत्रकार म्हणून जिल्ह्याजिल्ह्यांत पांगलेले पदवीधर अशा प्रसंगी एकत्र येत, सहभोजन, भाषणे, खेळ आणि नाट्यप्रयोग होत आणि मागील पिढीचा अनुभव पुढील पिढीच्या कानी पडे. ज्या समाजात माणसे आजवर जात, गाव आणि घराणे या नात्यांनीच एकत्र येत होती, त्या समाजात एकाच विद्यालयात शिकलो एवढ्या एका कारणाने एकत्र येण्याची ही चाल नवी होती आणि तिचा सामाजिक अर्थ मेजवानीपुरता मर्यादित नव्हता.

हा अर्थ सर्वांत स्पष्ट दिसतो तो न्यू इंग्लिश स्कूलच्या स्थापनेत. विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक, गोपाळ गणेश आगरकर आणि वामन शिवराम आपटे हे सारे डेक्कन कॉलेजाचे विद्यार्थी होते. सरकारी नोकरी सहज मिळू शकेल अशी पदवी हाती असताना अल्प वेतनावर स्वतंत्र शाळा चालवण्याचा टिळक-आगरकरांचा निश्चय कॉलेजातील सहवासात आणि चर्चांत झाला. १८८० च्या आरंभी शाळा सुरू झाली, १८८१ च्या जानेवारीत ‘मराठा’ आणि ‘केसरी’ ही पत्रे निघाली, १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन कॉलेज उघडले. त्याचे पहिले प्राचार्य आपटे हेच होते. आजीव सदस्य म्हणजे निश्चित अल्प वेतनावर संस्थेला आयुष्याची उमेदीची वर्षे देणारा अध्यापक, ही कल्पना या संस्थेने महाराष्ट्रात रूढ केली. टिळक आणि आगरकर यांच्यात पुढे तीव्र मतभेद झाले, टिळक सोसायटीतून बाहेर पडले, तरीही त्यांनी मिळून उभारलेले काम टिकले. सरकारी विद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांनी लोकांच्या बळावर उभी केलेली ही संस्था आपल्या मातृसंस्थेला पर्याय ठरली आणि हाच पर्याय पुढे मातृसंस्थेच्या अस्तित्वावर प्रश्न उभा करणाऱ्या परिस्थितीचा एक भाग बनला.

या समुदायाच्या सीमा हळूहळू रुंदावत गेल्या, पण त्या सहज रुंदावल्या नाहीत. कॉर्नेलिया सोराबजी या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या विद्यार्थिनीने १८८० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई विद्यापीठाची पदवी पहिल्या वर्गात मिळवली आणि त्या विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर ठरल्या. इंग्लंडमधील उच्च शिक्षणासाठीची सरकारी शिष्यवृत्ती स्त्री असल्यामुळे त्यांना मिळाली नाही; इंग्लंडमधील हितचिंतकांनी जमवलेल्या निधीतून त्या १८८९ मध्ये ऑक्सफर्डला गेल्या आणि १८९२ मध्ये तेथील कायद्याच्या परीक्षेला बसल्या. केवळ ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी सुरू झालेल्या पाठशाळेच्या परंपरेत सत्तर वर्षांच्या आत एका पारशी-ख्रिस्ती घरातील मुलीचे नाव अभिमानाने घेतले जावे, हे त्या परंपरेतील बदलाचे मोठे गमक आहे. त्याच वेळी शिष्यवृत्तीचा नकार हेही दाखवतो की पदवी मिळाली म्हणजे पदवीधरांचे सर्व हक्क मिळाले, असे तेव्हा नव्हते.

वर्धापनाचे सोहळे साजरे करण्याची रीतही याच काळात बदलत होती. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या १८८७ आणि १८९७ मधील महोत्सवांमुळे पंचवीस, पन्नास, साठ वर्षांचे टप्पे सार्वजनिकरीत्या साजरे करण्याची आणि त्या निमित्ताने संस्था स्थापन करण्याची पद्धत भारतात पसरली. मुंबईची व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट ही १८८७ ची तशीच एक निर्मिती होय. परंतु राजनिष्ठेचा हा सोहळा विद्यानिष्ठेकडे वळवण्याचे श्रेय पुण्यातील शिष्यवर्गाला द्यावे लागते. डेक्कन कॉलेजात संस्कृतचे अध्यापन केलेले भांडारकर ६ जुलै १९१७ रोजी ऐंशी वर्षांचे झाले, तेव्हा त्यांच्या शिष्यांनी आणि चाहत्यांनी त्यांना गौरवग्रंथ अर्पण केला आणि त्याच दिवशी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना झाली. गौरवग्रंथ म्हणजे गुरूच्या सन्मानार्थ शिष्य व सहकारी यांनी लिहिलेल्या संशोधनपर लेखांचा संग्रह. डेक्कन कॉलेजात अनेक वर्षे ठेवलेला सरकारी हस्तलिखितांचा संग्रह १९१८ मध्ये या नव्या संस्थेकडे आला आणि महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रचंड काम तिने हाती घेतले. एका वाढदिवसातून शतकभर चालणारे ज्ञानकार्य उभे राहावे, हा वर्धापनाच्या सोहळ्याचा आदर्श पुण्याने घालून दिला.

पदवीधरांच्या समुदायाला मर्यादित का होईना, पण कायदेशीर मान्यता मिळाली ती १९०४ च्या भारतीय विद्यापीठ कायद्याने. या कायद्यानुसार विद्यापीठाच्या नोंदवहीत नाव असलेल्या पदवीधरांना सिनेटवर म्हणजे विद्यापीठाच्या सर्वोच्च सभेवर काही सभासद निवडून पाठवता येऊ लागले. हा कायदा एकूण पाहता विद्यापीठांवर सरकारी नियंत्रण वाढवणारा असल्यामुळे त्यावर राष्ट्रीय नेत्यांनी टीका केली, आणि ती योग्य होती. परंतु पदवीधर हा विद्यापीठाचा केवळ जुना लाभार्थी नसून त्याच्या कारभारातील घटक आहे, हे तत्त्व त्यात नोंदले गेले. विद्यापीठाच्या पातळीवर मान्य झालेला हा हक्क एखाद्या महाविद्यालयाच्या बाबतीत मात्र कोणत्याही कायद्यात लिहिलेला नव्हता. तो सिद्ध करण्याची वेळ डेक्कन कॉलेजाच्या माजी विद्यार्थ्यांवर १९३४ मध्ये आली.

जागतिक मंदीच्या त्या वर्षांत मुंबई सरकार काटकसरीचे मार्ग शोधत होते. पुण्यात फर्ग्युसन कॉलेज सुस्थिर झाले होते, १९१६ मध्ये सुरू झालेले आणि पुढे सर परशुरामभाऊंच्या नावाने ओळखले जाणारे कॉलेज चालू होते आणि १९३२ मध्ये वाडिया कॉलेजही निघाले होते. खासगी संस्था पदवीचे शिक्षण देत असताना सरकारने खर्चिक निवासी विद्यालय चालवावे कशासाठी, असा विचार सरकारदरबारी बळावला आणि १९३४ मध्ये शंभराहून अधिक वर्षांचे हे विद्यालय बंद करण्यात आले. हिशेबाच्या दृष्टीने या विचारात तर्क नव्हता असे म्हणता येणार नाही. परंतु विद्यालय म्हणजे शिकवण्याची सोय एवढाच त्याचा अर्थ नव्हता. दक्षिणेच्या द्रव्यापासून जीजीभाईंच्या देणगीपर्यंत समाजाने वेळोवेळी सोपवलेल्या ठेवीचे ते मूर्त रूप होते, आणि हिशेबात नेमकी हीच बाब धरली गेली नव्हती.

माजी विद्यार्थ्यांच्या संघटनेने हीच बाब पुढे करून न्यायालयाचा मार्ग धरला. विश्वस्त म्हणजे दुसऱ्याने विशिष्ट हेतूसाठी सोपवलेल्या मालमत्तेचा सांभाळ करणारा. त्याला त्या मालमत्तेचा कारभार पाहता येतो, पण तिचा हेतू आपल्या सोयीनुसार मोडीत काढता येत नाही. सरकारचे डेक्कन कॉलेजाशी असलेले नाते मालकाचे नसून विश्वस्ताचे आहे, हा या लढ्याचा गाभा होता. तो चालवणाऱ्यांना त्यातून वैयक्तिक लाभ काहीच नव्हता. त्यांचे शिक्षण कधीच पूर्ण झाले होते, पदव्या सुरक्षित होत्या आणि मुलांना पाठवायला पुण्यात अन्य महाविद्यालये होती. सरकारविरुद्ध कज्जा लढवण्यास पैसा, वेळ आणि धीर लागतो. शिवाय यांतील कित्येकांचे आयुष्य सरकारी नोकरीत किंवा न्यायव्यवस्थेच्या सान्निध्यात गेले होते. तरीही हा लढा पाच वर्षे तग धरून राहिला आणि अखेर माजी विद्यार्थ्यांच्या बाजूला यश आले. वार्षिक मेळाव्यांत पिढ्यान्‌पिढ्या जपलेला स्नेह कसोटीच्या वेळी संघटित कृतीत रूपांतरित होऊ शकतो, याचा हा पुरावा होता, आणि मेळावे नसते तर एवढी माणसे एकत्र येण्यास आधारही उरला नसता.

१७ ऑगस्ट १९३९ रोजी, बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ मुंबई प्रांतात अधिकारावर असताना, डेक्कन कॉलेज पुन्हा उघडले. ते जुन्या रूपात उघडले नाही, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. पदवीपूर्व शिक्षण अन्य महाविद्यालयांकडे राहिले आणि डेक्कन कॉलेजाकडे पदव्युत्तर अध्ययन व संशोधन हे क्षेत्र आले. आपल्या तारुण्यातील विद्यालय जसेच्या तसे परत मिळावे, एवढाच माजी विद्यार्थ्यांचा आग्रह असता तर त्या आग्रहाला स्मरणरंजन म्हणता आले असते. पण काळाला आवश्यक असलेले नवे रूप स्वीकारून मूळ हेतू, म्हणजे विद्येची उपासना, टिकवण्याला त्यांनी संमती दिली. संशोधनाला वाहिलेल्या संस्था तेव्हा देशात मोजक्याच होत्या आणि म्हणून ही तडजोड पराभवाची न ठरता दूरदृष्टीची ठरली.

पुढील इतिहासाने तिची सार्थकता दाखवून दिली. इराच जहांगीर तारापोरवाला हे नव्या संस्थेचे पहिले संचालक झाले आणि त्यांच्यानंतर सुमित्र मंगेश कत्रे यांनी दीर्घकाळ ती धुरा वाहिली. हसमुख धीरजलाल सांकळिया यांनी येथे पुरातत्त्वाचा विभाग घडवला. जोर्वे, नाशिक, नेवासे येथील उत्खननांनी महाराष्ट्राच्या ताम्रपाषाणयुगाचे, म्हणजे तांबे आणि दगड या दोन्हींची हत्यारे वापरात असलेल्या काळाचे, चित्र प्रथमच स्पष्ट केले आणि १९६८ पासून अनेक हंगाम चाललेल्या इनामगावच्या उत्खननाने त्या काळच्या शेतकरी वस्तीचे जीवन उलगडले. इरावती कर्वे यांनी येथूनच भारतीय नातेव्यवस्थेचा अभ्यास केला आणि त्यावरील त्यांचा ग्रंथ १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्र्यंबक शंकर शेजवलकर यांचे पानिपतावरील संशोधन याच संस्थेच्या ग्रंथमालेत आले. साताऱ्यातील पारसनीसांचा ऐतिहासिक संग्रह १९३९ मध्ये येथे आला. १९४८ मध्ये ऐतिहासिक तत्त्वांवर आधारलेल्या संस्कृत महाकोशाचे, म्हणजे प्रत्येक शब्दाच्या अर्थाचा काळानुसार विकास दाखवणाऱ्या कोशाचे काम सुरू झाले. ते पिढ्यान्‌पिढ्या चालणारे आहे आणि त्याचे खंड १९७० च्या दशकापासून प्रसिद्ध होत आहेत. १९९० मध्ये संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, म्हणजे स्वतःचे अभ्यासक्रम आखण्याचा आणि पदव्या देण्याचा अधिकार प्राप्त झाला. १९३४ चा निर्णय अंतिम ठरला असता तर यांतील बहुतेक काम येरवड्याच्या त्या आवारात उभे राहिले नसते.

२०२१ मध्ये या संस्थेला दोनशे वर्षे पूर्ण झाली. द्विशताब्दी म्हटली की दोनशे वर्षांची अखंड परंपरा असे चित्र मनात उभे राहते. पण येथील परंपरा अखंड नाही, तिच्यात पाच वर्षांचा खंड आहे आणि तो खंडच तिचे खरे भूषण आहे, कारण तो माणसांनी भरून काढला. महाराष्ट्रात आज शेकडो शाळा-महाविद्यालये रौप्य, सुवर्ण, हीरक, अमृत आणि शताब्दी महोत्सव साजरे करतात, स्मरणिका काढतात, जुन्या तुकड्यांचे मेळावे भरवतात. या स्मरणिका स्थानिक इतिहासाची अनमोल साधने आहेत; त्यांतील शिक्षकांच्या याद्या, जमाखर्च, छायाचित्रे आणि आठवणी यांवाचून कित्येक तालुक्यांच्या शिक्षणाचा इतिहास लिहिताच येणार नाही आणि म्हणून त्या ग्रंथालयांनी जतन केल्या पाहिजेत. मेळाव्यांतील आनंदही गैर नाही, कारण संघटनेचे बळ त्याच आनंदातून साठत जाते.

परंतु डेक्कन कॉलेजाचा इतिहास या सोहळ्यांपुढे एक मापदंड ठेवतो. विद्यालयाने काय दिले याची उजळणी हा वर्धापनाचा अर्धा भाग झाला; विद्यालय ज्या हेतूने उभे राहिले तो हेतू आज सांभाळला जातो की नाही, याची चौकशी हा त्याचा उरलेला आणि अधिक अवघड भाग होय. आज अनुदान आटत असताना, अध्यापकांच्या जागा रिकाम्या राहत असताना आणि शहरांतील शैक्षणिक भूखंडांची किंमत त्यांवरील विद्येपेक्षा अधिक मोजली जात असताना, ही चौकशी करण्यास माजी विद्यार्थ्यांइतका स्वतंत्र आणि निरपेक्ष वर्ग दुसरा नाही. विद्यमान विद्यार्थी संस्थेवर अवलंबून असतो, अध्यापक वेतनाने बांधलेला असतो, चालक सत्तेत गुंतलेला असतो. माजी विद्यार्थी मात्र संस्थेचा ऋणी असूनही तिचा आश्रित नसतो. १९३४ ते १९३९ या काळात पुण्यातील पदवीधरांनी याच स्वातंत्र्याचा उपयोग केला. विद्यालये समाजाची ठेव असतात आणि तेथे शिकलेली माणसे त्या ठेवीची कायमची विश्वस्त असतात, हे त्यांनी कृतीने सिद्ध केले. प्रत्येक महोत्सवात या विश्वस्तपणाचा हिशेब मांडला गेला, तरच तो महोत्सव साजरा करण्याचा अधिकार त्या समुदायाने कमावला असे म्हणता येईल.